बेरीज शून्य येते

खारघर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, ‘अनॉमली म्हणजे नेमकं काय गं?’ असं तुम्ही परवा विचारलंत. ते फोनवर सांगून भागत नाही, आकडे मांडावे लागतात. आईलाही वाचून दाखवा, तिला कळणार नाही असं यात काही नाही.

बदल केला तरी नियम जसाच्या तसा राहतो, ती सममिती. जुन्या भौतिकीत पक्की असलेली एखादी सममिती क्वांटमच्या, म्हणजे सूक्ष्म कणांच्या, गणितात मोडते, ती अनॉमली. १९६९ मध्ये स्टीफन ॲडलर यांनी आणि जॉन बेल व रोमान जॅकीव या जोडीने हे दाखवलं. उदासीन पायॉन हा विद्युतभार नसलेला, क्षणभर टिकणारा कण. तो फुटून प्रकाशाचे दोन कण होतात. इथली सममिती क्वांटममध्येही शाबूत असती, तर हे जवळजवळ घडलंच नसतं. तिथे अनॉमली हवीच.

पण निसर्गातली बलं ज्या सममितीवर उभी आहेत (तिला गेज सममिती म्हणतात), ती मोडून चालत नाही. शक्यतांची बेरीज एक येईनाशी होते, सिद्धांतच निकालात निघतो. बँकेत रुपयाचा फरक राहिला तरी तुम्ही खातेवह्या पुन्हा उघडायचात, घरी नौपाड्याला यायला रात्र व्हायची. तितकाच कडक हिशोब इथे आहे.

ही अनॉमली उरू नये, तर मूलकणांच्या विद्युतभारांची बेरीज शून्य यावी लागते. विद्युतभार मांडून बघा. इलेक्ट्रॉन उणे १. न्यूट्रिनो ०. क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण. अप क्वार्क २/३, पण तो तीन ‘रंगांत’ (हे नुसतं नाव, म्हणजे तीन प्रकारांत) येतो, म्हणून २. डाउन क्वार्क उणे १/३, तोही तिप्पट, म्हणून उणे १. बेरीज शून्य!

इलेक्ट्रॉनला अणुकेंद्रातलं प्रबळ बल जाणवतही नाही, क्वार्क त्याच बलाने जखडलेले. तरी एकाची बाकी दुसरा फेडतो. का, ते स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकणांचा आजचा मान्य सिद्धांत, सांगत नाही. हा योगायोग नाही असं मला मनापासून वाटतं, आणि त्यापायीच मी या विषयात पडले. वर मांडलेल्या चार कणांसारखेच, पण जड कणांचे आणखी दोन संच आहेत; प्रत्येक संचाला पिढी म्हणतात. तिसऱ्या पिढीतला, इलेक्ट्रॉनच्या जागेचा टाऊ १९७५ मध्ये सापडला, १९७७ मध्ये डाउनच्या जागेचा बॉटम क्वार्क. या पिढीचा हिशोब अपच्या जागेच्या टॉप क्वार्कवाचून जुळेना, म्हणून तो असणारच या खात्रीने शोध चालू राहिला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये तो मिळाला.

आई, बाबांच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. रविवारी ठाण्याला येते. बाबा, ही त्यातली एकच अट झाली. दुसरीत हायपरचार्ज नावाच्या, विद्युतभाराशी नातं असलेल्या आकड्याचे घन करावे लागतात, छेद ३६ पर्यंत जातो. ती आपण दोघं मिळून सोडवू.

तुमची,
मनू