कार्डाच्या समासातली आई

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा कपाट आवरताना, मी वसतिगृहात असताना तुम्ही पाठवलेल्या पोस्टकार्डांचा गठ्ठा हाती लागला आणि आवरणे तिथेच थांबले. बाबा, तुमचे अक्षर पहिल्या ओळीत टपोरे आणि शेवटच्या ओळीत मुंगीएवढे. जागा संपू लागली की ते मधली रेघ ओलांडून सरळ पत्त्याच्या हद्दीत शिरते.

ती रेघ पूर्वी नव्हतीच. दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, लिफाफा आणि वेळ खर्चणे ही उधळपट्टी आहे, असे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एमानुएल हेरमान यांनी मांडले आणि १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले सरकारी पोस्टकार्ड निघाले. त्याची एक बाजू केवळ पत्त्याची होती. पुढे चित्रकार्डे आली, तेव्हा चित्राच्या कडेला उरेल तेवढ्या जागेत मजकूर कोंबावा लागे. पत्त्याची बाजू दुभागून अर्धी मजकुराला देण्याची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये दिली, अमेरिकेने १९०७ मध्ये.

आपल्या घरात मात्र ही मुभा एकट्या बाबांनाच मिळाली होती. आई, तुझा मजकूर प्रत्येक कार्डावर कडेच्या समासात, उभा, कार्ड फिरवून वाचावा लागणारा: ‘खोकला थांबला का? खरे लिही.’ बाबांचा मजकूर मी एकदा वाचत असे, तुझा तीनदा.

कार्ड उघडे, वाटेत कोणीही वाचावे असे. म्हणून घरात पैशांची ओढाताण असली की बाबा ‘इकडे आभाळ भरून आले आहे’ असे लिहीत. मला ते कळत असे. एकदा मात्र खरोखरच पाऊस होता आणि मी आठवडाभर उगीच काळजीत होते, हे आज प्रथमच सांगते.

आता फोनवर आपण रोज बोलतो; तरीही सोबत दहा कोरी कार्डे पाठवत आहे. उजव्या भागात माझा पत्ता लिहून तिकिटेही चिकटवली आहेत, त्यामुळे सबब उरलेली नाही. डावा भाग या वेळी आईचा. बाबांनी तिचे लिहून झाल्यावर समासात लिहावे, आणि जागा पुरेनाशी झाली तर कसे लिहायचे ते तिलाच विचारावे.

तुमची,
लेक