हरित मानांकनातली माणसांची मोजणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हरित इमारतींच्या बातम्यांत पाणीबचतीची टक्केवारी ठळक छापली जाते. ती ज्या गणितावर उभी असते, ते म्हणजे इमारतीत रोज वावरणाऱ्या माणसांची मोजणी. अर्जाच्या धांदलीत नेमके तेच घाईने उरकले जाते. ‘लीड’ या हरित इमारतींच्या आंतरराष्ट्रीय मानांकनापुरते त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

कर्मचारी डोक्यांनी नव्हे, तासांनी मोजतात. सर्वांच्या रोजच्या तासांची बेरीज करून ८ ने भागायचे, की पूर्णवेळ-समतुल्य संख्या, म्हणजे एफटीई मिळते. १२० जण आठ तास, ३० जण चार तास आणि ६ सफाई कामगार तीन तास काम करत असतील, तर एकूण १०९८ तास आणि एफटीई १३७.२५. सफाई आणि सुरक्षेची माणसे कंत्राटदाराच्या पगारावर आहेत म्हणून त्यांना वगळले जाते. स्वच्छतागृह तर तीही वापरतात! त्यांना मोजलेच पाहिजे.

सर्वांत मोठा घोळ होतो तो अभ्यागतांचा. समजा, रोज ८० जण अर्ध्या तासासाठी येतात. त्यांचे ४० तास ८ ने भागून ‘५ एफटीई’ अशी नोंद करणे चूक आहे, कारण अभ्यागताचा पाणीवापर तासांवर नव्हे, भेटीवर धरलेला असतो. कर्मचारी स्त्रीसाठी दिवसाला ३ वेळा शौचकूप, पुरुषासाठी १ वेळा शौचकूप आणि २ वेळा मुतारी धरतात. अभ्यागतांसाठी हेच आकडे स्त्रीला ०.५, पुरुषाला ०.१ आणि ०.४ असे आहेत. पायाभूत वापर, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या साध्या उपकरणांचा दर वेळचा वापर, शौचकूपाला ६ लिटर आणि मुतारीला ३.८ लिटर धरला आणि निम्म्या स्त्रिया मानल्या, तर ५ एफटीईंचे रोज ७९ लिटर होतात. तेच ८० अभ्यागत नीट मोजले तर साधारण २०५ लिटर. अडीच पटीहून जास्त फरक!

यावर काही जण म्हणतात, माणसे पायाभूत आणि प्रस्तावित (प्रत्यक्ष बसवायच्या उपकरणांच्या) अशा दोन्ही हिशेबांत सारखीच, मग टक्केवारी कशी बदलेल? सगळ्या गटांची संख्या एकाच पटीने वाढली तर ती बदलत नाही, हे खरे. पण गटांचे आपसातले प्रमाण बदलले की बदलते. मुताऱ्या बिनपाण्याच्या असतील, तर पुरुष जितके जास्त दाखवाल तितकी बचत फुगते. म्हणूनच ठोस पुरावा नसेल तर स्त्री-पुरुष निम्मे-निम्मे धरायचे असतात. शिवाय पावसाचे किंवा प्रक्रिया केलेले पाणी किती गरज भागवेल, हे एकूण लिटरवर ठरते. तिथे माणसे कमी दाखवली की पुरवठा उगाच पुरेसा दिसतो.

मानांकनात सायकलतळाच्या जागाही माणसांच्या मोजणीवरूनच ठरतात. त्यासाठी रोजची सरासरी चालत नाही, तिथे गर्दीच्या वेळचे अभ्यागत लागतात. ‘लीड’च्या चौथ्या आवृत्तीत कार्यालयासारख्या इमारतींना अल्पकाळाच्या जागा अशा अभ्यागतांच्या २.५ टक्के आणि दीर्घकाळाच्या जागा इमारतीच्या नियमित वापरकर्त्यांच्या ५ टक्के लागतात, दोन्हीकडे किमान ४. पाळ्यांमध्ये काम चालत असेल तर पाण्यासाठी सगळ्या पाळ्या धरा, सायकलींसाठी मात्र पाळीबदलाच्या वेळी एकत्र असणारी माणसे बघा.

भाडेकरूच ठरलेले नसतील तर क्षेत्रफळावरून अंदाज करतात. कार्यालयासाठी २५० चौरस फुटांमागे एक कर्मचारी धरतात, पण एकूण बांधीव क्षेत्रावर. ५०,००० चौरस फुटांना २०० माणसे येतात. कोणी त्याच इमारतीचे ३५,००० चौरस फूट चटई क्षेत्र २५० ने भागले की १४०च उरतात. निवासी इमारतीत दर घरामागे शयनकक्षांच्या संख्येत एक मिळवायचा. हॉटेलात खोलीमागे दीड पाहुणा आणि ६० टक्के खोल्या भरलेल्या, असे गृहीत धरता येते.

वायुवीजनाचा अभियंता आणि अग्निसुरक्षेचा सल्लागार आपापल्या नियमांनी वेगळी माणसे मोजतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचा आकडा उचलून पाण्याच्या तक्त्यात टाकला की परीक्षकाची शंका आलीच म्हणून समजा. आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत एक पान तयार करावे: गटवार संख्या, तास, सरासरी आणि कमाल अभ्यागत, प्रत्येक आकड्याचा आधार. पुढचा प्रत्येक तक्ता त्याच पानावरून भरावा. बचतीची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनीही हे पान मागून घ्यावे, अशी विनंती.

– हरित इमारत क्षेत्रातील एक सल्लागार