पांढुरकेपणाला घाबरून सनस्क्रीन कमी लावू नका

महोदय,

एप्रिल उजाडला की आमच्या औषधांच्या दुकानात सनस्क्रीनची मागणी वाढते, आणि अलीकडे ‘मिनरल’ असे छापलेली ट्यूब मुद्दाम मागणारे ग्राहकही बरेच दिसू लागले आहेत. त्यांची निवड चांगली आहे. मात्र त्यांतले काही जण पंधरा दिवसांत परत येऊन ‘चेहरा पांढरा दिसतो आणि त्वचा तर रापलीच’ अशी तक्रार करतात. चौकशी केली की दोष बहुतेक वेळा क्रीमचा नसून लावण्याच्या पद्धतीचा निघतो. ती पद्धत वेष्टनावर ठळकपणे लिहिलेली नसते आणि आम्ही दुकानदारही घाईगर्दीत ती सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मिनरल सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा ही दोन्ही खनिजे असतात. क्रिकेटपटू ॲलन डोनाल्ड नाकागालांवर पांढरे पट्टे ओढून गोलंदाजी करीत असे, ते झिंकचेच. हे कण आरशासारखे ऊन परतवतात असा समज आहे. प्रत्यक्षात ते अतिनील किरणांचा मोठा भाग शोषून घेतात आणि थोडाच भाग परतवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली मांडलेल्या प्रस्तावात तिथे वापरल्या जाणाऱ्या १६ घटकांपैकी या दोनच घटकांना सुरक्षित आणि परिणामकारक मानण्याइतकी माहिती उपलब्ध असल्याचे म्हटले होते. बाकीचे घटक घातक ठरले असा त्याचा अर्थ नाही, कारण त्यांपैकी बहुतेकांबाबत केवळ अधिक माहिती मागितली गेली होती. तरीही ज्यांची त्वचा नाजूक आहे किंवा घामाबरोबर क्रीम डोळ्यांत उतरून ज्यांचे डोळे चुरचुरतात, त्यांना मी खनिजयुक्त क्रीमच सुचवतो. त्यातही झिंक ऑक्साइड असलेले घ्यावे, कारण काचेतून आरपार येणाऱ्या आणि त्वचा काळवंडवणाऱ्या लांब लहरींच्या अतिनील किरणांना ते टायटॅनियमपेक्षा चांगले अडवते.

आता मापाविषयी. वेष्टनावरचा एसपीएफचा, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांपासून किती संरक्षण मिळते हे दाखवणारा, आकडा प्रयोगशाळेत ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेले असते. चेहरा, कान आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेस सुमारे सव्वा ग्रॅम क्रीम लागते. तर्जनी आणि मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढल्या की जवळपास तेवढे होते. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम ४० वेळा पुरते, म्हणजे दिवसातून दोनदा लावणाऱ्या माणसाची ती तीन आठवड्यांत संपायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांची मात्र तीच ट्यूब पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालते. ३० एसपीएफचे क्रीम पूर्ण मापाने लावले, तर त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवले जातात आणि ५० एसपीएफने सुमारे ९८ टक्के. निम्मे लावले तर प्रत्यक्ष मिळणारा एसपीएफ निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली घसरू शकतो. त्यामुळे महागडे ५० एसपीएफचे क्रीम वाटाण्याएवढे लावण्यापेक्षा परवडणारे ३० एसपीएफचे क्रीम मापाने लावणे कितीतरी पटीने हिताचे आहे.

लोक कमी का लावतात, याचे उत्तर त्या पांढुरकेपणात आहे. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर खनिजाचा थर लगेच नजरेत भरतो. मग तो दिसेनासा होईपर्यंत क्रीम चोळले जाते किंवा टॉवेलने पुसले जाते, आणि संरक्षणही त्याच्याबरोबर निघून जाते. यावर उपाय आहेत. ट्यूब किंवा बाटली आधी नीट हलवावी, कारण खनिजाचे कण तळाशी बसतात. आधी लावलेले मॉइश्चरायझर जिरू द्यावे; ते सनस्क्रीनमध्ये कालवू नये. ठरलेले माप एकदम न लावता दोन पातळ थरांत लावावे, थापटत पसरावे आणि दहा-पंधरा मिनिटे बसू द्यावे. सुरुवातीचा भुरकटपणा तेवढ्यात बराच निवळतो. तरीही तो खटकत असेल, तर त्वचेच्या रंगाची छटा असलेले मिनरल सनस्क्रीन मिळते. त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे पांढुरकेपणा झाकला जातो आणि दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडतो. हा प्रकाश वांगाचे डाग गडद करतो, म्हणून ज्या भगिनींना वांगाचा त्रास आहे त्यांनी छटा असलेलेच क्रीम घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही तारकर्लीला गेलो असता माझ्या पुतणीने सकाळी नऊ वाजता क्रीम लावले आणि ती दुपारी बारापर्यंत पाण्यात खेळत राहिली. रात्री तिच्या खांद्यांवर फोड आले. क्रीम चांगले होते आणि घरात औषधांचे दुकान आहे, पण दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच ते पुन्हा लावायचे असते हे तिला कोणी सांगितले नव्हते, मीही नाही. याची खंत मला आजही आहे. घाम आला तर तो रुमालाने टिपावा, चेहरा घासू नये. कान, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग आणि दुचाकी चालवताना उघडी राहणारी हातांची पाठ या जागा हमखास विसरल्या जातात. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळांना क्रीम न लावता सावलीतच ठेवावे. शेतात किंवा रस्त्यावर दिवसभर राबणाऱ्यांना दर दोन तासांनी क्रीम लावणे परवडणारे नाही, याचीही मला जाणीव आहे. त्यांच्यासाठी घट्ट विणीचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कान-मान झाकणारे मुंडासे किंवा पदर हेच खरे संरक्षण आहे. ज्यांना क्रीम परवडते, त्यांनीही कपड्यांना पहिला मान द्यावा.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. उन्हाळ्यात आपण शहरोशहरीचे कमाल तापमान रोज छापता. त्याच चौकटीत अतिनील निर्देशांकही, म्हणजे त्या दिवशीच्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडाही, छापावा. उकाडा आणि अतिनील किरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. मेच्या मध्यास पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि पारा एखाद-दोन अंशांनी उतरलेला असला, तरी किरणांची तीव्रता कमी झालेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीनुसार निर्देशांक ३ झाला की संरक्षण घ्यावे आणि ११ किंवा त्याहून अधिक म्हणजे अतितीव्र. हा आकडा मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये दिसतो, परंतु आमच्या गिऱ्हाइकांपैकी ज्येष्ठ मंडळी आजही सकाळी आधी वर्तमानपत्रच उघडतात.

आपला,
एक औषधविक्रेता, कऱ्हाड