घरात येऊन पार्सल ठेवलंत, मग पुढची क्लिप कुठे आहे?

कस्टमर केअर टीम,

तीनदा चॅट केलं, तिन्ही वेळा "गैरसोयीबद्दल क्षमस्व" एवढंच उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं, म्हणून आता सविस्तर ईमेल लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा.

तुमची घरात डिलिव्हरीची सर्व्हिस मी आठ महिने वापरतेय. दिवसभर घरी कोणी नसतं, दाराबाहेर ठेवलेली पार्सलं दोनदा गायब झाली, एकदा पावसात पुस्तकं भिजून फुगली, म्हणून तुमचं कोडने उघडणारं स्मार्ट लॉक आणि कॅमेरा बसवून घेतला. आपल्या मागे अनोळखी माणसाला घरात घ्यायचं ही साधी गोष्ट नाही, यावरून घरात वाद झाले, आई तर शेवटपर्यंत नकोच म्हणत होती. मी तिला एकच सांगितलं, दार उघडल्यापासून लॉक होईपर्यंत सगळं रेकॉर्ड होतं. त्याच भरवशावर मी दार उघडायची परवानगी दिली.

मागच्या मंगळवारी अ‍ॅपमध्ये नोंद आहे, दार उघडलं २:१४ ला, लॉक झालं २:२३ ला. क्लिप मात्र ३८ सेकंदांची. डिलिव्हरीवाला मुलगा खोका घेऊन आत येतो, एक पाय उंबऱ्याच्या आत, आणि तिथेच चित्र अडकतं, पुढे "कॅमेरा ऑफलाइन". संध्याकाळी आले तर खोका चपलांच्या रॅकशेजारी नीट ठेवलेला, पण आतल्या खोलीचं दार, जे मी मांजर बाहेर पळू नये म्हणून रोज ओढून घेते, ते सताड उघडं आणि मांजर घरात नाही. रात्री अकरा वाजता जिन्याखाली सापडली, नुसती थरथरत होती.

घरातली एकही वस्तू गेलेली नाही आणि त्या मुलावर माझा आरोपही नाही. दार माझ्याकडूनच नीट लागलं नसेल, मांजर निसटली म्हणून तो बिचारा ती नऊ मिनिटं तिच्या मागे धावतही असेल. पण हे खरं की खोटं ते ठरवायला क्लिपच लागते ना, त्याच्या बाजूनेसुद्धा! उद्या एखाद्या घरातून खरंच काही गेलं तर पहिला संशय त्याच्यावर येणार आणि त्याच्याकडे दाखवायला काहीच नसणार.

तुमच्या एजंटचं म्हणणं, "तुमचं वायफाय गेलं असेल". गेलं असेल, वायफाय जातंच. पण ते तुम्हाला आधीपासून माहीत असायला हवं. अ‍ॅमेझॉनने २०१७ मध्ये अमेरिकेत अशी सर्व्हिस सुरू केली तेव्हा काही आठवड्यांतच ऱ्हायनो सिक्युरिटी लॅब्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या लोकांनी दाखवून दिलं होतं, की वायफायच्या रेंजमधून कॅमेऱ्याचं कनेक्शन तोडता येतं आणि बघणाऱ्याला बंद दाराचं जुनंच चित्र दिसत राहतं. त्यावर अपडेट देऊ असं अ‍ॅमेझॉनने तेव्हा सांगितलं. वॉलमार्टने २०१९ मध्ये सुरू केलं तेव्हा आत जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अंगावरच कॅमेरा दिला. म्हणजे ही अडचण नवीन नाही, आणि मला मात्र कॅमेरा बंद पडल्याचा एकही अलर्ट आला नाही, थेट "डिलिव्हरी पूर्ण झाली" एवढाच मेसेज आला.

अजून एक. घरफोडीच्या बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये दार जबरदस्तीने फोडल्याची खूण लागते. कोडने उघडलेल्या दारावर कसली खूण असणार? साइन अप करताना याबद्दल एक ओळ तरी लिहायची होती.

माझी मागणी साधी आहे. त्या नऊ मिनिटांचा लॉकचा आणि कॅमेऱ्याचा पूर्ण लॉग मला द्या, आणि त्या मुलाला शिक्षा न करता नीट विचारून तो काय म्हणतो ते लेखी कळवा. कॅमेरा लाइव्ह नसेल तर लॉक उघडताच कामा नये, ही सोय करा, पार्सल परत गेलं तरी चालेल, मी दुसऱ्या दिवशी घेईन. आणि मध्येच नेट गेलं तरी रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या आतच सेव्ह होत राहील असं काहीतरी करा.

तोपर्यंत मी घरात यायची परवानगी अ‍ॅपमधून बंद केली आहे. उरलेल्या दोन ऑर्डर पिकअप पॉइंटवर ठेवा, मी येऊन घेऊन जाईन. सात दिवसांत उत्तर हवंय, आणि तेही चॅटवर नको, ईमेलवर द्या.

आपली ग्राहक