ट्रक बंद पडला तर त्रिकोण कोण मांडणार?

संपादक महोदय,

टेक्सासमधल्या ड्रायव्हरविना ट्रकवरचा तुमचा लेख आवडला, पण ट्रक बंद पडला तर काय हे त्यात कुठेच नाही. अमेरिकेत नियम आहे, हायवेवर ट्रक थांबला की ड्रायव्हरने 10 मिनिटांत इशाऱ्याचे त्रिकोण मांडायचे, आपल्याकडे दगड नि झाडाच्या फांद्या ठेवतात तसंच, म्हणजे मागून येणाऱ्याला लांबूनच कळतं. आता केबिनमध्ये माणूसच नाही तर मांडणार कोण? ऑरोरा आणि वेमो या ड्रायव्हरविना गाड्यांचं तंत्रज्ञान बनवणाऱ्या कंपन्यांनी 2023 मध्येच त्याऐवजी केबिनवर चमकणारे दिवे लावायची सूट मागितली होती. ठीक आहे, पण रात्री, पावसात, वळणावर ते दिवे किती लांबून दिसतात याच्या टेस्ट लोकांसमोर करा आणि मगच 36 टनांचा ट्रक एकटा सोडा.

– एक वाचक, पुणे