संगणकाच्या बिलावर नुसते ‘आय-फाइव्ह’ लिहिणे पुरेसे नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळा-महाविद्यालयांचे नवे सत्र जवळ आले की आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगर भागातील लहानशा वाचनालयात पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : मुलासाठी जुना, दुरुस्त करून विकलेला, म्हणजे बाजारात ज्याला ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात तो डेस्कटॉप घ्यावा की नाही? वाचनालयाचा हिशेब आणि पुस्तकांची सूची मी सांभाळते. त्या निमित्ताने असे दोन संगणक विकत घेण्याचा प्रसंग माझ्यावर आला, त्यातला एक फसला आणि दुसरा उत्तम निघाला. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की असा संगणक घेण्यात गैर काही नाही, किंबहुना अनेक घरांसाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र तो कोणत्या सालचा आहे हे दुकानदाराने बिलावर लिहून दिल्याशिवाय घेऊ नये. या पत्राचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम हा माल येतो कुठून ते पाहू. बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या कार्यालयांत डेल, एचपी, लेनोवो यांचे संगणक एकदम शेकड्याने घेतात, पुष्कळदा भाडेकरारावर, आणि तीन ते पाच वर्षांनी ते सगळे एका दिवसात बदलून टाकतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर ही नावे आपल्याकडे आरएनटी मार्गावर किंवा जेल रोडवर दिसतात ती याच वाटेने आलेली असतात. ही यंत्रे वातानुकूलित खोलीत, टेबलावर, दिवसाचे आठ-नऊ तास चाललेली असतात आणि मुळात दणकट बांधणीची असतात. शिवाय विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे विंडोज ११ न घेऊ शकणारे असंख्य संगणक कार्यालयांनी एकदम बाहेर काढले. दर उतरले आहेत ते यामुळे. जो माल कार्यालयांनी नेमका ज्या कारणासाठी काढला, तोच माल आपण ते कारण न विचारता घरी आणत आहोत, हे मात्र ग्राहकाच्या ध्यानात येत नाही.

आता आमची फजिती सांगते. २०२२ साली आम्ही वाचनालयासाठी साडेअकरा हजारांना एक संगणक घेतला. बिलावर इतकेच लिहिले होते : ‘आय-फाइव्ह, ८ जीबी, १ टीबी, ३० दिवस वॉरंटी’. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण अशी बिले फक्त तेथेच मिळतात असे नाही. अकरा महिन्यांनी एका दुपारी त्या डब्यातून टक्-टक् असा आवाज येऊ लागला, जसे कोणी आतून नखाने पत्र्यावर ठोकत आहे, आणि सूचीची फाइल उघडायला दहा-दहा मिनिटे लागू लागली. वाचनालयात अभ्यासाला येणाऱ्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर चालवून मला पडद्यावरचा एक आकडा दाखवला. ती हार्ड डिस्क आजवर ४३ हजार तासांहून अधिक चालली होती! आमचा वापर दिवसाला चार तासांचा, म्हणजे त्यातले जेमतेम अकराशे तास आमचे. वर्षाचे तास ८,७६० असतात; याचा अर्थ आमच्याकडे येण्याआधी ती डिस्क पावणेपाच वर्षे अहोरात्र फिरत होती, बहुधा कुठल्या तरी दुकानाच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवत. चौथ्या दिवशी ती बंद पडली. दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती, ही चूक आमची. चार हजारांहून अधिक पुस्तकांची नोंद हाताच्या रजिस्टरवरून पुन्हा टंकित करण्यात आम्हा तिघींचे पाच आठवडे गेले.

दुकानात गेल्यावर उत्तर मिळाले, ‘मैडम, बिल में सीरियल नंबर कहाँ है?’ ते खरेच नव्हते. त्याच वेळी कळले की आमचा ‘आय-फाइव्ह’ तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा आहे. विकताना दुकानदार खोटे काही बोलला नव्हता. आय-फाइव्ह तो होताच.

गोंधळाचे मूळ इथे आहे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरची श्रेणी झाली, तिच्यावरून वय कळत नाही. वय कळते ते पुढच्या आकड्यावरून. आय-फाइव्ह ६५०० असे असेल तर पहिला अंक सहा, म्हणून सहावी पिढी, २०१५ ची. ८५०० असेल तर आठवी. १०४०० असा पाच अंकी आकडा असेल तर पहिले दोन अंक धरायचे, म्हणून दहावी. दुकानात उभे असतानाच विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून हा आकडा वाचता येतो. आणि ही पिढी आज इतकी महत्त्वाची का, तर विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेली अट इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढची आहे, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपही लागते. ही आठवी पिढी डेस्कटॉपमध्ये २०१७ च्या ऑक्टोबरात आली. त्यामुळे बाजारात एक विचित्र संधी तयार झाली आहे, तिकडे वाचकांचे लक्ष वेधते. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह ७५०० आणि आठव्या पिढीचा आय-थ्री ८१००, दोन्ही चार कोअरचे, आणि रोजच्या कामात त्यांचा वेग जवळजवळ सारखा. पण पहिल्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, दुसऱ्याला चालते. तरीही ग्राहक ‘आय-थ्री नको’ म्हणून दुसरा बाजूला सारतात आणि पहिल्याला अधिक पैसे मोजतात.

काही विक्रेते सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावरही ही तपासणी वगळून विंडोज ११ बसवून देतात. ते चालते, हे मी नाकारत नाही. मात्र अशा यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क नाही असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती त्यांवर आपोआप उतरत नाही. घरातले बँकेचे व्यवहार ज्या संगणकावरून व्हायचे आहेत त्याबाबत मी ही जोखीम कोणाला सुचवणार नाही. याउलट, विंडोजच हवे असा ज्यांचा आग्रह नाही, त्यांना सहाव्या पिढीचे यंत्र दहा-बारा हजारांत आजही उत्तम पडते. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली मोफत बसते, इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकन होते, ऑनलाइन अभ्यास, पत्रव्यवहार, ताळेबंद, सगळे होते. ज्यांचे काम टॅलीवर आहे, किंवा आपल्या मंडळांच्या स्मरणिका जे अजून श्रीलिपी या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतात, त्यांनी मात्र आठव्या पिढीच्या खाली उतरू नये, कारण त्यांची गाडी विंडोजशिवाय हलत नाही.

परवान्याचा मुद्दा लोक पूर्णपणे विसरतात. संगणक दुकानात सुरू करून दाखवला, विंडोज ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसले, की आपण समाधानी होतो. परंतु सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ऑर्गनायझेशन’च्या सेवेने ॲक्टिव्हेट झाल्याचा उल्लेख असेल तर तिथेच थांबावे. ही मोठ्या कार्यालयांसाठीची सोय आहे, ती १८० दिवसांपुरती टिकते आणि पुढे त्या कार्यालयाच्या सर्व्हरकडून तिचे नूतनीकरण व्हावे लागते. आपल्या घरी तो सर्व्हर कुठून येणार? ज्या यंत्रात कारखान्यातूनच विंडोज १० प्रो आले होते त्याचा परवाना बहुधा मदरबोर्डमध्ये नोंदलेला असतो आणि तोच विंडोज ११ ला लागू पडतो. म्हणून असे यंत्र शोधावे, वेगळे पैसे पडत नाहीत.

डब्याच्या आकाराबद्दलही सांगायला हवे. कार्यालयांतून आलेले बहुतेक डबे बुटके, सडपातळ असतात. जागा कमी घेतात, दिसतात छान. पण त्यांचा एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा भाग, कंपनीच्या खास मापाचा असतो आणि डेलच्या अनेक मॉडेलांत त्याची जोडणीही वेगळी असते. तो जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला सातशे-आठशे रुपयांचा साधा एसएमपीएस त्यात बसत नाही, त्याच मॉडेलचा शोधत फिरावे लागते. मुलाला पुढे खेळांसाठी मोठे ग्राफिक्स कार्ड घालायचे असेल तर हा डबा त्याच्या कामाचा नाही, हे त्याला आधीच सांगितलेले बरे. बाकी पंख्यातली धूळ, सगळे यूएसबी पोर्ट, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा छोटा सेल संपल्याने मागे पडणारे घड्याळ, या गोष्टी अर्धा तास बसून पाहता येतात, आणि त्या दुरुस्त होणाऱ्या आहेत. पडदा मात्र पांढरे पान उघडून नक्की पाहावा; पिवळट पडलेला पडदा दुरुस्त होत नाही.

पालकांना आणखी एका मोहापासून सावध करावेसे वाटते. रंगीत दिव्यांचा नवाकोरा कॅबिनेट, वर ‘न्यू पीसी’ अशी पट्टी, आणि किंमत रिफर्बिश्डइतकीच. आत पाहिले तर एच-६१ चिपसेटचा बोर्ड असतो. ही चिप २०११ ची आहे आणि ती इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर घेते, म्हणजे बोर्ड नव्याने छापलेला, पण त्यावरचा प्रोसेसर वापरून काढलेला आणि चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या घडणीचा. याच्यापुढे आठव्या पिढीचा ओरखडे पडलेला ऑप्टिप्लेक्स शतपटीने चांगला. ओरखडे दिसतात तरी. इथे नवेपणाच फसवा आहे, आणि ज्या घरांना पंधरा हजार हीसुद्धा मोठी रक्कम आहे तीच घरे याला बळी पडतात, याचे मला फार वाईट वाटते.

आमचा दुसरा संगणक आम्ही गेल्या डिसेंबरात घेतला. या वेळी आधी मॉडेल ठरवले, आठव्या पिढीचा. डब्यावरचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, कंपनीच्या संकेतस्थळावर घालून तो मुळात कधी रवाना झाला होता ते पाहिले. आतली फिरती हार्ड डिस्क काढायला लावून नवी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, वेगळ्या बिलावर, तिच्या स्वतःच्या वॉरंटीसह घेतली. सगळे मिळून साडेसतरा हजार झाले. या वेळच्या दुकानदाराने सीरियल क्रमांक लिहायला एक शब्द खळखळ केली नाही, हेही नोंदवले पाहिजे. या यंत्रावर सूची उघडायला चार सेकंद लागतात. नवा संगणक आम्हाला पडद्यासह चाळीस हजारांच्या आसपास सांगितला होता. उरलेल्या पैशांत बालविभागाचे एक कपाट भरले. अर्थात रिफर्बिश्डची किंमत नव्याच्या निम्म्याहून वर जात असेल, किंवा एकदाच घेऊन दहा वर्षे पाहायचे नाही असा बेत असेल, तर सरळ नवाच घ्यावा असे मी सांगते.

आता प्रशासन आणि व्यापारी मंडळींकडे वळते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये ‘रिफर्बिशर’ची व्याख्या आहे आणि त्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी अशी तरतूदही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोषयुक्त वस्तूबद्दल जिल्हा आयोगाकडे जाता येते, १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. परंतु हातात सीरियल क्रमांक नसलेले बिल घेऊन गेलेला ग्राहक कशाच्या आधारावर बोलणार? जे शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग अग्रभागी राहिले आणि घराघरात ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकले, त्या इंदूरमध्ये जुन्या यंत्रांना दुसरे आयुष्य देणारा हा व्यापार वाढावा अशीच माझी इच्छा आहे. दोन वर्षांत बंद पडणारा माल विकला गेला तर मात्र तो केवळ दोन वर्षे उशिरा आलेला कचराच ठरतो.

म्हणून संगणक विक्रेत्यांच्या संघटनांना माझी विनंती आहे की जुन्या यंत्राच्या प्रत्येक बिलावर प्रोसेसरचा पूर्ण आकडा, डब्याचा सीरियल क्रमांक, डिस्क कोणती व ती किती तास चाललेली, आणि विंडोजचा परवाना कोणत्या प्रकारचा, एवढे लिहून द्यावे. यासाठी दोन ओळी जास्त लागतील. ग्राहकांनीही या दोन ओळी पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आमच्या दुसऱ्या संगणकाच्या बिलाची प्रत, किंमत व दुकानाचे नाव झाकून, वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावली आहे. सायंकाळी पाच ते आठ या वेळात कोणालाही ती उतरवून नेता येईल.

आपली नम्र,
एक वाचक
लोकमान्यनगर, इंदूर