मांजराचे पिल्लू दत्तक देताना लसीची नोंदही द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात आमच्या सोसायटीत बरीच पिल्ले घरोघर दिली जातात. आमच्याकडेही एका शिबिरातून एक आले. खेळकर, खाऊन-पिऊन. पण आठवडाभरातच आमची म्हातारी मनी पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायला लागली. उलट्या, मग जुलाब. डॉक्टरांनी रक्त तपासले, पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. फेलाइन पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, विषाणूमुळे पसरणारा जीवघेणा आजार. सलाइनवर मनी वाचली, पण सगळ्यांचे नशीब तसे नसते.

पिल्लू वरून ठणठणीत दिसले तरी त्याच्या विष्ठेतून विषाणू पडत असू शकतो. तो घरात वर्षभरही तग धरतो. फिनेलचा उपयोग नाही, उलट ते मांजरांना विषारी! आधी जागा स्वच्छ धुऊन, मग 1 भाग ब्लीच 32 भाग पाण्यात घालून ते 10 मिनिटे राहू द्यावे लागते.

म्हणून दत्तक शिबिरे भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती: पिल्लाबरोबर लसीची नोंद द्या. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. एका टोच्यावर भागत नाही. नवे मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा, हेही घेणाऱ्याला लिहून द्या. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाने हे मराठीत छापून प्रत्येक शिबिरात वाटावे.

— एक वाचक, चिंचवड